घंगाळं भरलीस का?

आमच्या भागात गोदावरीला गोदावरी म्हणायची पद्धत नाही. ती गंगा. ‘जरा गंगेवर जाऊन येते’, ‘बुधवारी गंगेवरून भाजी आण’, आणि पावसाळ्यात, आवाज किंचित खाली आणून, ‘गंगेला पाणी आलंय’. हे ऐकलं की भांडी बाजारातला कुणीही आधी एकच विचारतो : कुठवर?

त्याचं उत्तर मारुतीच्या अंगावर असतं. रामकुंडाच्या पुढे, नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. पाण्यानं त्याचे पाय भिजले, गुडघे बुडाले, कमरेला लागलं, छातीला आलं, गळ्याशी पोचलं, डोक्यावरून गेलं. अख्खं नाशिक पूर असा मोजतं. त्याच्या पुढची खूण म्हणजे सरकारवाड्याच्या पायऱ्या. आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात त्याहीपुढची एक खूण येते, ती पलीकडच्या काठावर, १७४७ साली बांधलेल्या नारोशंकराच्या देवळाची घंटा. पाणी तिथवर गेलं म्हणजे मग बोलायलाच नको.

धरणवाल्यांची भाषा वेगळी. वर गंगापूर धरण आहे, १९६५ साली पूर्ण झालेलं. तिथून किती क्यूसेकनं पाणी सोडलं ते हल्ली मोबाईलवर लगेच कळतं. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. आमच्या दुकानातलं एक बऱ्यापैकी मोठं घंगाळ काठोकाठ भरेल एवढं. त्यामुळे बातमीत दहा हजार क्यूसेक ऐकलं की माझ्या डोळ्यांपुढे दहा हजार घंगाळं येतात, आणि सेकंदासेकंदाला ती सगळी एकदम उपडी होताना दिसतात.

दुकान तांब्या-पितळेचं. आजोबांनी घातलं, अण्णांनी सांभाळलं, आता मी बघते. घर रविवार कारंजाच्या बाजूला, चढावर, म्हणून घरात पाणी कधी शिरलं नाही. दुकान मात्र खाली. १९६९ च्या मोठ्या पुरात आजोबांचं सगळं गेलं. त्यानंतर त्यांनी लाकडी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं ऑइलपेंटनं एक यादी लिहून ठेवली. अक्षर अजून तसंच आहे :

१. वह्या
२. लोकांची भांडी
३. खोक्यातला माल
४. काटा, वजनं

आणि खाली, आकडा न घालता : घंगाळं भरणे.

वह्या म्हणजे उधारीच्या. लोकांची भांडी म्हणजे कल्हईला, डाग द्यायला, बूड बदलायला आलेली. प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली असते, ‘बूड गळतं’, ‘कान तुटला’, तारीख, आडनाव. कुणाच्या आजीच्या लग्नातला हंडा असतो, गळ्याशी नाव घातलेलं, सालासकट. असलं भांडं गेलं तर भरून देता येत नाही, पैशानं तर नाहीच. म्हणून आपल्या मालाच्या आधी लोकांची भांडी माळ्यावर जातात.

घंगाळांचं मात्र उलट. घंगाळं, बंब, मोठे हंडे कुणी माळ्यावर चढवत नाही. तेवढी जागाही नाही, आणि तांब्याला पाण्याची भीती नाही. भीती असते ती वाहून जायची. रिकामं घंगाळ गुडघाभर पाण्यातही तरंगायला लागतं, शटरवर आपटून चेपतं, आणि पाण्याला जरा ओढ असली की दारातून बाहेर पडून थेट घाटाच्या दिशेनं निघतं. म्हणून पूर यायच्या आधी नळाला पाइप लावायचा आणि एकेक घंगाळ, एकेक हंडा काठोकाठ भरून ठेवायचा. भरलेलं भांडं पाण्याखाली बसून राहतं. पाणी ओसरलं की आत गाळ सापडतो, तो ओला असतानाच काढायचा, वाळला तर डाग बसतो. मग चिंच-मीठ, मग राख, मग दोन दिवस मनगटं दुखणं. पण भांडं जागेवर असतं.

लहानपणी मला हे काम फार आवडायचं. पूर येणार म्हणून सगळी मोठी माणसं धावपळ करतायत आणि मी मधोमध उभी राहून भांड्यांत पाणी भरतेय.

१९ सप्टेंबर २००८ ला मात्र आवडलं नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. सीए फायनलचा एक ग्रुप सुटला होता, दुसरा नोव्हेंबरमध्ये द्यायचा होता. हातात जेमतेम दीड महिना. आमच्या घरी पाहुण्यांचा राबता, त्यामुळे अभ्यासाला मी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत बसायचे. दुपारी बाजार सुस्त असतो. नोट्स तिथेच, पायरीवरच्या बुटक्या कपाटात ठेवायचे. चार विषय, अकरा रजिस्टरं, दोन वर्षांचं हस्ताक्षर.

पितृपक्ष चालू होता. श्राद्धाला आलेल्या माणसांना रामकुंडावरून परत पाठवत होते. मी कॉलेज रोडला क्लासला होते. पाऊस वाढत गेला तशी अस्वस्थ होऊन निघाले. अशोक स्तंभापासून चालत दुकानात पोचले तोवर अण्णा आणि दुकानातले मामा वह्या वर चढवून लोकांच्या भांड्यांना लागले होते. मामा पेठ तालुक्यातले, तीस वर्षं आमच्याकडे. पाणी कमरेला लागल्याचं सकाळीच कळलं होतं, आता छातीला आलंय म्हणत होते. मी मागच्या खोलीकडे वळले. अण्णा माळ्याच्या शिडीवरूनच म्हणाले, ‘‘तू आधी घंगाळं भर.’’

पुरात आमच्याकडे वाद घालत नाहीत. मी पाइप लावला. मनात हिशेब केला, मागची खोली उंचावर आहे, पाणी येईल ते पुढून, गंगेकडून. तोवर सहा घंगाळं भरून होतील.

पाणी मागून आलं. सराफ बाजार, दहीपुलाखालून सरस्वती नाला जातो, तो गंगेला मिळतो. गंगाच फुगली की नाल्याला जायला वाट उरत नाही, मग तो उलटा शहरातच चढतो, मोऱ्यांमधून, गटारांमधून. दुतोंड्या मारुती या पाण्याबद्दल काहीच सांगत नाही. पुढच्या पायरीला अजून पाणी लागलंही नव्हतं तेव्हा मागच्या मोरीतून काळं पाणी उसळून कपाटाच्या खालच्या फळीपर्यंत आलं होतं. मी चौथं घंगाळ भरत होते. पाइपच्या आवाजात मला कळलंच नाही.

दोन दिवसांनी शटर उघडलं. मी रजिस्टरं घरी नेऊन गच्चीवर पसरली, प्रत्येक पानावर दगड. तेव्हा एक गोष्ट पाहिली ती अजून डोळ्यांपुढे आहे. बॉलपेननं लिहिलेलं जसंच्या तसं होतं, पान तपकिरी झालेलं, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. जेलपेननं लिहिलेलं पुरतं गेलेलं, पानभर नुसतं आभाळासारखं फिकट निळं. कॉस्टिंग मी बॉलपेननं लिहिलं होतं. डायरेक्ट टॅक्स जेलपेननं, कारण तो माझा आवडता विषय होता आणि तेव्हा जेलपेन मला भारी वाटायचं.

जानेवारीत निकाल लागला. प्रत्येक पेपरात चाळीसच्या वर होते. ग्रुपला ४०० पैकी २०० लागतात. मला १९३ होते.

ते सात मार्क मी अण्णांच्या नावावर लिहिले. तोंडानं कधी बोलले नाही. पण जेवताना, दुकानात, देवदर्शनाला जाताना, ते सात मार्क आमच्या दोघांच्या मध्ये असायचे. चार घंगाळं वाचली आणि माझं वर्ष गेलं, असंच मी मनाशी म्हणायचे. मे २००९ ला पुन्हा बसले. एका पेपरात ३८. आणि २०१० च्या फेब्रुवारीत अण्णांना पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. धाकटी बहीण शिकत होती. दुकानाची किल्ली माझ्याकडे आली आणि पुढचा फॉर्म मी भरलाच नाही.

मी सीए नाही. पुष्कळ वर्षं हे वाक्य म्हणताना पुढे ‘पण’ लावल्याशिवाय मला राहवत नसे.

अण्णांना बोलता यायला चार-पाच महिने लागले. शब्द हळूहळू, तुटक यायचे. एका दुपारी मी त्यांच्या हाताला तेल लावत होते. बाहेर पाऊस होता, म्हणून पुराचा विषय निघाला असेल. मी पहिल्यांदाच बोलून गेले, की त्या दिवशी माझ्या नोट्स आत होत्या. अण्णा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘मला वाटलं... तुझी पुस्तकं... घरी असतात.’’

एवढंच.

दोन वर्षं मी धरून ठेवलेला राग कशाचा होता? त्यांना माहीतच नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं. दुपारी दुकानात बसते हे त्यांना दिसत होतं, पण कपाटात माझी दोन वर्षं ठेवली आहेत हे दिसायला ते काही कपाट उघडून बघणार नव्हते. यादीत ज्याचं नाव आहे तेच माणसं उचलतात. मामांनी उचललं असतं, शेजारच्या दुकानातल्या पोरानंही उचललं असतं, एका वाक्याचा प्रश्न होता. मी ते वाक्य कधी बोलले नव्हते. आपल्याला काय हवंय ते मोठ्यानं सांगितलं तर दृष्ट लागेल, नाही जमलं तर लोक हसतील, या भीतीनं मी माझं सगळ्यात मोलाचं एका बुटक्या कपाटात ठेवलं होतं.

२०११ च्या मेअखेरीस, मृग लागायच्या आधी, मी आजोबांच्या यादीखाली खडूनं पाचवी ओळ लिहिली : ५. ज्याचं त्याचं एक. दुकानातल्या प्रत्येकानं आपापली एक वस्तू सांगायची, कुठे ठेवली आहे तेही सांगायचं. त्यावर चर्चा करायची नाही. मामांनी त्यांचा रेडिओ सांगितला. शिकाऊ मुलगा लाजत होता, मग त्यानं चित्रांची वही सांगितली. तो चित्रं काढतो हे तेव्हाच कळलं. दर वर्षी ही ओळ पुन्हा ताजी करायची, कारण वस्तू बदलतात. यादी कोरड्या दिवसांतच करायची असते. पाणी घोट्याला लागल्यावर काय मोलाचं ते ठरवायला गेलं तर हाताला येईल ते उचललं जातं.

बदल स्वीकारा, जे होतं ते बऱ्यासाठीच, असे निरोप रोज सकाळी मोबाईलवर येतात. मला ते पटत नाहीत. जो गाळ मी घासून काढलाय तो बऱ्यासाठी आला होता असं मी म्हणणार नाही. अण्णांचा डावा हात गेला तो कुणाच्या बऱ्यासाठी गेला नाही. आणि ‘काही झालं तरी ध्येय सोडू नका’ हेही मला अर्धंच वाटतं. त्या फेब्रुवारीत ध्येय घट्ट धरून बसले असते तर दुकान, बहिणीचं शिक्षण, आईची झोप, सगळं हातचं गेलं असतं. मी सोडलं. सोडल्याचं दुःख झालं, अजून होतं. नोव्हेंबरात परीक्षेचे दिवस आले की होतं. दुःख झालं म्हणून सोडणं चुकलं असं होत नाही, आणि सोडणं बरोबर होतं म्हणून दुःख कमी होत नाही.

पुढचं मी ठरवलं नव्हतं. २ ऑगस्ट २०१६ ला पुन्हा मोठा पूर आला, मारुती पूर्ण बुडाला, बाजारात गाळच गाळ. तो साफ होतोय तोवर ८ नोव्हेंबरला नोटा रद्द झाल्या, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. अकरा महिन्यांत आमच्या गल्लीनं तीन पूर पाहिले असं मी म्हणते. यातल्या दोघांची पट्टी कुठल्याही मारुतीच्या अंगावर नव्हती. पन्नास-साठ वर्षं वहीत दोन रकाने मांडून धंदा केलेली माणसं हातात पावत्यांचा गठ्ठा घेऊन नुसती बसून असायची. एक जण संध्याकाळी आमच्या दुकानात आले, अण्णांच्या वयाचे. म्हणाले, ‘‘बेटा, तू ते शिकत होतीस ना काहीतरी? जरा बघतेस का?’’

मी बघितलं. इनपुट क्रेडिट म्हणजे काय ते त्यांना हंड्याच्या उदाहरणानं समजावलं. पत्रा घेताना जो कर भरलाय तो हंडा विकताना भरायच्या करातून वळता होतो, पण पत्रेवाल्यानं बिल नीट दिलं असेल तरच. त्यांनी डोकं हलवलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना घेऊन आले. पुढे मी रीतसर जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी केली. आता माळ्याखालच्या त्याच मागच्या खोलीत संध्याकाळी सात ते नऊ मी बाजाराचे हिशेब बघते. मोरीला झडपेचं झाकण बसवून घेतलंय, पाणी बाहेर जातं, आत येत नाही. कपाट भिंतीवर, हात पोचेल एवढ्या उंचीवर.

यालाच माझं ध्येय पुरं झालं असं लोक म्हणतात तेव्हा मी गप्प बसते. हे ते नाही. सही माझी चालत नाही, ऑडिट मला करता येत नाही. ते वेगळं होतं, हे वेगळं आहे. पण त्या अकरा रजिस्टरांत लिहिलेलं सगळं वाहून गेलं नव्हतं, हे मात्र खरं. आणि जेलपेनच्या ज्या टॅक्सच्या नोट्ससाठी मी एवढी रडले त्या तशाही दर वर्षीच्या बजेटनं जुन्या होणारच होत्या. राहिलं ते कॉस्टिंग. एका हंड्याला किती तांबं लागतं, किती मजुरी, किती तूट, ते सगळं त्याच्यावरच चालतं.

२०२० मध्ये पाडवा २५ मार्चला होता. गुढीच्या तांब्यांचे आमचे वर्षातले सगळ्यात धावपळीचे आठ दिवस. माल भरलेला, आणि आदल्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला. त्या पाडव्याला मी घरी गुढी उभारली तेव्हा दुकानात शेकडो तांबे पालथे पडून होते. लग्नसराईही गेली. त्या वेळी नवऱ्याला घेऊन बसले आणि घराची यादी केली, दुकानासारखीच. पैसे आटले तर आधी काय उचलायचं : सासूबाईंची औषधं, लेकीची फी, मग घराचा हप्ता. कशाला पाणी लागू द्यायचं : गाडी, दागिने. शेवटी, ज्याचं त्याचं एक. नवऱ्यानं बराच विचार करून सांगितलं की त्याला पोहायला जाणं सोडायचं नाहीये. बारा वर्षं संसार केला आणि हे त्याच्यासाठी एवढं आहे हे मला ठाऊक नव्हतं. लेकीनं, नऊ वर्षांची होती तेव्हा, सांगितलं की तिची वस्तू ती सांगणार नाही, पण कुठे ठेवली आहे ते सांगेल. आम्ही तेही लिहून घेतलं.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळपासून विसर्ग वाढत होता. मी दुकानात पोचले. मामा आता थकलेत, शिडीवर शिकाऊ मुलगा चढतो. तो आता शिकाऊ राहिलेला नाही. हार्ड डिस्क आणि लोकांच्या बिलांच्या फायली पहिल्या वर गेल्या, आजोबांच्या ‘वह्या’ आता त्याच आहेत. मग लोकांची भांडी. एका परातीची चिठ्ठी सुटून पडली होती, मुलानं वाकून शोधून पुन्हा बांधली, दोन गाठी मारून. मामांचा रेडिओ गेला. भिंतीवरच्या कपाटातून एक फुगलेलं तपकिरी रजिस्टर काढून मी त्याच्या हातात दिलं. त्यानं काही न विचारता वर ठेवलं.

फोन वाजला. अण्णा. पंचाहत्तरीच्या पुढे गेलेत, उजव्या हातानं फोन धरून खिडकीशी बसलेले असणार.

‘‘कुठवर?’’

‘‘कमरेला लागलंय अण्णा. मागची मोरी कोरडी आहे.’’

‘‘लोकांचं?’’

‘‘गेलं वर.’’

‘‘तुझं?’’

‘‘माझंही.’’

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. शब्द जुळवायला त्यांना अजूनही वेळ लागतो.

‘‘घंगाळं भरलीस का?’’

‘‘भरतेय,’’ मी म्हटलं, आणि फोन खांद्याशी धरून पाइप दुसऱ्या घंगाळात टाकला.